उजव्या हाताचं वळण

फुलपात्र वरून धरलं तर उचलवत नव्हतं; खालून तळहातावर घेतलं तर उचलवत होतं. कांचन फिरकेने ही गोष्ट गेल्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा करून पाहिली होती, की आता तिला त्यात शंका उरली नव्हती. पाणी तेच, फुलपात्र तेच, वजन फार तर पाव किलो. पण तळहात जमिनीकडे असला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाचा उंचवटा बोटाला लागतो त्याच्या जरा खाली, तापलेली सुई टोचावी तशी कळ यायची आणि बोटं आपोआप सुटायची. तळहात आभाळाकडे असला की काही नाही.

आज मंगळवारी सकाळीही तिने ते करून पाहिलं. फुलपात्र ओट्यावर पडलं, पाणी सांडलं. तिने ते डाव्या हाताने पुसलं आणि ती हेमराजला उठवायला आत गेली.

सहा वर्षांपूर्वी रावेरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकवरून पडून तिच्या नवऱ्याचा मणका मोडला होता. कमरेखाली त्याला काही कळत नसे. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत खुर्चीत, असं दिवसातून नऊ वेळा त्याला उचलावं लागे. त्याचं वजन एकसष्ट किलो होतं. ते काम कांचनच करायची.

तिने दोन्ही हात त्याच्या पाठीखाली आणि मांड्यांखाली सरकवले, श्वास धरला आणि उचललं.

"दमानं," हेमराज म्हणाला. "डाग पडला तरी चालेल, मी काही परदेशी जाणारा घड नाही."

"बोलू नका. बोललात की जड होता."

तो खुर्चीत बसला. तिने पाठ फिरवून कोपर पोटाशी दाबून धरलं आणि दहापर्यंत आकडे मोजले. तिचा चेहरा त्याला दिसू नये एवढीच काळजी तिने घेतली. तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्याने निरोप वाचून दाखवला. जळगावच्या कंडरा केंद्राचा होता. तिच्या पेशी तयार आहेत, शुक्रवारी दुपारी चारपर्यंतच त्या वापरता येतील, आणि हालचालीची निवड अजून रिकामी आहे.

"हालचालीची निवड म्हणजे काय गं?" हेमराजने विचारलं.

"असेल काहीतरी त्यांचं. शुक्रवारी बोलावलंय."

"मग चांगलंच आहे. हात बरा झाला की सुटलीस. आखाजीच्या लग्नांना नाही जमणार, पण पुढच्या लगीनसराईला मांड्यांचं खापर उतरव माळ्यावरून."

"हो," कांचन म्हणाली. तीन आठवडे ती याला हेच उत्तर देत होती.

*

फैजपूर-सावद्याकडच्या लग्नात मांडे नसले तर पंगत उठल्यावर लोक बोलतात. वस्त्रगाळ पिठाची कणीक पाण्याचा हात लावत तासभर तिंबायची, तिची तार सुटू लागली की पुरण भरायचं, पुरीएवढं लाटायचं आणि तिथून पुढे पोळपाटाचा संबंध संपला. पुढे सगळं हातावर. मुठी आणि मनगटं फिरवत फिरवत तो मांडा वाढवायचा, कोपरापर्यंत लोंबू लागला की उपड्या खापरावर टाकायचा. बोटाचं टोक मात्र लागू द्यायचं नाही. नख लागलं की गेला. मांडा नेहमी हाताच्या पालथ्या बाजूवर झेलायचा, तळहात खाली. यंत्रं करून पाहिली लोकांनी. एकाचाही मांडा वीतभराच्या पुढे टिकला नाही. पंचक्रोशीत हे काम येणाऱ्या बायका आता चार उरल्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत मोठा मांडा करणारी कांचन होती. लग्नघरात मांडवात शिरलं की कोणीतरी विचारायचंच, "फिरकेबाई आल्या का?" हेमराजची बायको आली का, असं तिथे कोणी विचारत नसे.

कोपर दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, मांडे सोड. तिने सोडले. सहा महिने झाले, तिने कणीक तिंबली नव्हती. कोपर मात्र दर महिन्याला जास्तच दुखत गेलं. म्हणून ती एकटीच बसने जळगावला गेली होती.

तिथे सुरुवातच घोटाळ्याने झाली. नोंदणीच्या यंत्राने विचारलं, त्रास कशामुळे होतो? ती म्हणाली, "मांड्यांमुळे." यंत्राने तिला मांडीचा फोटो काढायला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. डॉ. मेघना सरोदे यांनी ते कागद पाहिले आणि बराच वेळ हसू दाबलं.

"मी लातूरची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मांड्या फक्त पायालाच असतात. सांगा, नेमकं काय करता?"

कांचनने सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या कोपरावर पेनाएवढी कांडी फिरवली आणि पडद्यावर चित्र आलं. करड्या रेघांच्या मधे एक काळा डाग होता.

"याला टेनिस एल्बो म्हणतात."

"नाव ऐकलंय. आमचे हे म्हणतात, गावात टेनिसचं मैदान नाही आणि हिला टेनिसचा आजार."

"नावात फार काही नाही. पिळण्याचं, आपटण्याचं, पकडून उचलण्याचं काम करणाऱ्या कोणालाही होतो." डॉक्टरांनी बोट काळ्या डागावर ठेवलं. "मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका दोरीने बांधलेला असतो. ती कंडरा. चांगल्या कंडरेतले तंतू पीळ दिलेल्या दोरीसारखे एका दिशेला असतात. रोज थोडे तुटतात, रोज थोडे नवे विणले जातात. तुटणं विणण्याच्या पुढे गेलं, की दोरीचा पिंजलेला कापूस होतो. तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून दुरुस्ती सावकाश होते. लोक याला सूज समजत आले. ही सूज नाही, झीज आहे. इंजेक्शनं किती घेतलीत?"

"चार. आमच्या चौकातल्या डॉक्टरांकडे."

"आणि दर वेळी दीड महिना बरं वाटलं. त्या दीड महिन्यात तुम्ही दुप्पट काम केलंत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तेच करतात. दुखणं गेलं म्हणजे दोरी जुळली असं वाटतं. उलट त्या औषधाने विणणाऱ्या पेशी आणखी मंदावतात." त्यांनी पडदा बंद केला. "दहातल्या आठ-नऊ जणांना माझी गरज लागत नाही. काम करायची पद्धत बदलायची, वजन हळूहळू वाढवत व्यायाम करायचा आणि वर्षभर धीर धरायचा, एवढ्याने जुळतं. तुम्ही त्या वेळेच्या पुढे गेला आहात. दोरीचा तीन चतुर्थांश भाग तुटलाय. उरलेला सुटला की हाडावर शिवायलाही काही उरणार नाही."

मग त्यांनी 'वळण' समजावून सांगितलं. केंद्रातले लोक उपचाराला हाच शब्द वापरत, आणि कांचनला तो लगेच कळला. हाताला वळण लागावं लागतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. गुडघ्याखालच्या एका निरोगी कंडरेतून सुईने चिमूटभर पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत तीन आठवडे वाढवायच्या आणि जेलमध्ये मिसळून कोपराच्या फाटीत भरायच्या. पण नुसत्या पेशींना काही कळत नाही. ओढ जिकडून येते तिकडे त्या तंतू घालतात. म्हणून नव्वद दिवस हातावर एक बाही घालायची. ती बाही रुग्णाने आधी नोंदवून ठेवलेली एकच हालचाल, अगदी हलक्या ओढीने, दिवसातून हजार वेळा त्या नव्या तंतूंना करून दाखवते. नव्वद दिवसांनी जी दोरी तयार होते ती त्या हालचालीला जन्मभर पुरते.

"आणि बाकीच्या हालचालींना?" कांचनने विचारलं.

"जेवणं, वेणी घालणं, भांडं धुणं, सगळं जमेल. पण दोन किलोच्या वरचा भार दुसऱ्या दिशेने आला तर ती सुटेल. उजवा पीळ दिलेली दोरी डावीकडे पिळली तर सुटते ना, तशी. आणि पुन्हा भरता येत नाही. एका कोपराला एकदाच."

"मग दोन हालचाली नोंदवायच्या. थोडी ही, थोडी ती."

डॉक्टर म्हणाल्या, "पहिल्या अकरा जणांना आम्ही तेच केलं. तंतू आडवेतिडवे पडले, घोंगडीसारखे. चौथ्या महिन्यात अकराही जणांचे हात गेले. त्यांतला एक जण माझा रुग्ण होता. गवंडी होता. एकच, कांचनताई. कोणती, ते तुम्ही ठरवायचं."

*

ठरवण्यासाठी त्यांनी नोंदणीची बाही सात दिवस घरी दिली होती. मोज्यासारखी पातळ, आत केसाएवढ्या तारा. तिने ती घालून हेमराजला उचललं, कपडे पिळले, झाडलोट केली. सहाव्या दिवशी दुपारी तिने माळ्यावरून खापर उतरवलं.

"दवाखान्याचं काम आहे," ती हेमराजला म्हणाली. "नोंद लागते."

"मला काय विचारतेस? मी खाणारा."

त्याने खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. पहिला मांडा फाटला. दुसरा तिच्या हातावर वीतभर झाला, मग हातभर, मग चुलीच्या उजेडात तिला त्याच्या आरपार दारातला हेमराज दिसू लागला. हात दुखत होता. पण फुलपात्र उचलताना दुखायचा त्याच्या निम्मासुद्धा नाही. तिला वाटलं, आनंदात कळत नसेल. तिने अकरा मांडे केले. हेमराज मोजत होता आणि मधेच म्हणाला, "पाचवा जरा हत्तीच्या कानासारखा झाला, पातळ पण लोंबता." ती हसली. सहा महिन्यांत या घरात ती मोठ्याने हसली नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बाही परत दिल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. पडद्यावर सात दिवसांची रेघ होती. मांड्यांच्या दुपारी ती बुटक्या गवतासारखी होती. बाकी सगळ्या वेळी मधून मधून सुळके उठत होते. दिवसाला नऊ.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या ह्यांना उचलते. दिवसातून नऊ वेळा," कांचन म्हणाली. तिने सुळके मोजले होते.

"तुम्ही त्यांना कसं उचलता, मला दाखवा." त्यांनी तपासायच्या टेबलावर लोड ठेवला.

कांचनने हात लोडाखाली सरकवले. डॉक्टर खाली वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तळहात खाली का?"

"त्यांना खाली कळत नाही ना. नख लागलं, बोट रुतलं तर जखम होते आणि दहा दिवस पत्ता लागत नाही. म्हणून बोटं लागू द्यायची नाहीत. पालथ्या हातावर घ्यायचं." हे बोलता बोलताच तिला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

"तुम्ही माणूस उचलत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुम्ही मांडा उचलता. मांडा पाव किलोचा असतो, आणि माणूस एकसष्ट किलोचा. पालथ्या हाताने भार घेतला की सगळी ओढ याच दोरीवर येते. मांड्यांनी तुमचा हात गेलेला नाही."

कांचनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे त्यांना कळवायची गरज आहे का?"

"मी कळवणार नाही. कोणती हालचाल, ते मात्र मला कळवा. उचलण्याचं वळण घेतलंत, तर आधी मी तुम्हाला सुलट्या हाताने उचलायला शिकवेन, त्याची नोंद घेऊ. मग हात उचलण्यासाठी टिकेल. कणकेला मात्र लावायचा नाही; तिंबताना पालथ्या हातावर दोन किलोच्या कितीतरी वर भार येतो. मांड्याचं घेतलंत, तर त्यांना या हाताने पुन्हा उचलायचं नाही. कधीच."

ती सुलट्या हाताने उचलायला शिकली, दोन तास, दवाखान्यातल्या पुतळ्यावर. तिची नोंदही झाली. दोन्ही हालचाली केंद्राच्या यंत्रात तयार होत्या. फक्त कोणती ते लिहायचं राहिलं होतं. घरी मात्र हेमराजला उचलताना पहिल्याच दिवशी तिचे हात पालथे सरकले, आणि दुसऱ्याही दिवशी. मांड्यांचं पंचवीस वर्षांचं वळण दोन तासांत जात नाही.

*

तसं उचलायला यंत्र होतं. सरकारी योजनेतून आलेलं, छताला पट्टी आणि खाली कापडी झोळी. पहिल्याच दिवशी झोळीत बसवल्यावर ती हळूहळू फिरली आणि हेमराजचं तोंड भिंतीकडे करून थांबली. बागेत केळीचे घड तारेवरून जातात तसं. त्याचा धाकटा भाऊ किशोर शेजारीच राहायचा. तो तेव्हा हसला होता. हेमराजने आयुष्यभर ते घड तारेवरून ओढले होते. त्या दिवसापासून झोळी घडी घालून कपाटात होती आणि पट्टीवर कपडे वाळत.

बुधवारी अकराच्या सुमाराला बाहेर सत्तेचाळीस अंश होते. खुर्चीतून पलंगावर नेताना कांचनच्या कोपरात काहीतरी ओलं कापड फाटल्यासारखं झालं. तिने हेमराजला सोडलं नाही. हातच सुटला. तिने डाव्या हाताने त्याची मान सावरली, आणि दोघं एकमेकांवरून फरशीवर घसरले.

"लागलं का?" तिने विचारलं.

"वर नाही लागलं. खालचं तू बघ, मला काय कळतंय."

तिने टाचा पाहिल्या, कुल्ले पाहिले. जखम नव्हती. उजवा हात तिला खांद्यापर्यंत वर नेता येत नव्हता. किशोरला फोन केला. तो केळी केंद्रावर होता, तासाभरात येतो म्हणाला. तिने पलंगावरची उशी ओढून हेमराजच्या डोक्याखाली दिली आणि पलंगाला टेकून बसली. पंखा गरम हवा खाली ढकलत होता.

बऱ्याच वेळाने हेमराज म्हणाला, "खापर सहा महिने माळ्यावर होतं. मधे एकदा उतरलं, अकरा मांडे झाले."

"हं."

"तरी हात फाटतच गेला. मी दवाखान्यात नव्हतो, पण हिशेब येतो मला. जन्मभर घड मोजले." तो छताकडे पाहत बोलत होता. "मीच ना?"

"तुम्ही नाही. माझी उचलायची पद्धत चुकीची होती."

"उचलायचं कोणाला, ते सांग ना."

मग तिने सांगितलं. सुळके, पालथा हात, बाही, एक हालचाल, शुक्रवार. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीन आठवडे ती हे सांगणं टाळत होती, आणि त्या तीन आठवड्यांत तिने मनात एक गोष्ट ठरवून ठेवली होती: हे ऐकलं की हेमराज म्हणेल, मांड्याचं घे. तो म्हणाला की तिला स्वतः काही म्हणावं लागणार नाही.

हेमराज बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचाच होता. "मग उचलायचं घे."

टेकलेली पाठ सोडून ती सरळ बसली.

"तुला वाटलं असेल, मी उलट बोलेन. बोलायला पाहिजे. मांडवातले लोक तुला शोधत येतात ते मला माहीत आहे. पण मला नाही बोलता येत, कांचन." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "त्या झोळीत टांगलं ना, की मी माल होतो. चल, चढव, उतरव. तुझ्या हातावर असलो की दिवसातून नऊ वेळा कोणीतरी मला धरतं. खाली काही कळत नाही, पण खांद्याला तुझा हात कळतो. तेवढंच राहिलंय. लाज वाटते मला हे मागायला. तरी मागतोय."

तिने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.   तो खोटं बोलला असता तर तिला रागावता आलं असतं.

किशोर आला तो दारातूनच बोलत आला. "वहिनी, किती वेळा सांगितलं तुम्हाला. त्या मांड्यांनी हात खाल्ला तुमचा. गावाची तोंडं गोड करायला गेलात आणि—"

"गप रे," हेमराज म्हणाला. "उचल आधी."

किशोरने सुलटे हात घातले आणि घड उचलावा तसं हेमराजला पलंगावर ठेवलं. त्याला काही झालं नाही. हात झटकून त्याने पाणी मागितलं. हात गेला तो मांड्यांमुळे नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

*

गुरुवारी किशोर तीनदा येऊन हेमराजला उचलून गेला. बाकीचा दिवस हेमराज पलंगावरच राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची खुर्ची रिकामी होती.

दुपारी तिने डॉक्टरांना फोन लावून कालचं सगळं सांगितलं.

"पेशी आणखी चार दिवस नाही का राहणार?"

"नाही. शुक्रवारी चारनंतर त्या मरायला लागतात."

"पुन्हा वाढवता येतील?"

"येतील. पण कालचं जे सांगताय, त्यावरून दोरीचा फार तर दहावा भाग उरलाय. तीन आठवड्यांत तोही सुटेल. मग भरायचं कशात?"

कांचनने डोळे मिटले. "तुम्ही काय कराल, माझ्या जागी?"

डॉक्टर म्हणाल्या, "मी सांगितलं तर ते तुमच्या हाताला माझं वळण होईल. आणखी एक. उद्याची संमती तोंडी असते, तुमच्याच आवाजात. बायकांच्या कागदांवर घरचे लोक लिहून देत, म्हणून हा नियम केला. कोणीही तुमच्या वतीने बोललं तरी ते धरत नाहीत."

फोन ठेवून तिने स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. उचलण्याचं वळण घ्यायचं. त्यात वाईट काय? हात दुखणार नाही. हेमराज खुर्चीत बसेल, दाराशी येईल, चेष्टा करेल. ती दहा वर्षं उचलेल, वीस वर्षं उचलेल. सत्तरीपर्यंत तिचा उजवा हात एकच गोष्ट अगदी उत्तम करेल. तिने ते नीट डोळ्यांसमोर आणलं, एकेक वर्ष. आणि एका वर्षाशी येऊन थांबली. हेमराज नसेल त्या वर्षाशी. तेव्हा तो हात कोणाला उचलणार होता? हा विचार आला म्हणून ती स्वतःवरच इतकी चिडली, की उठून उगाच भांडी घासायला लागली, डाव्या हाताने, एकेक करून.

*

शुक्रवारी हेमराज हट्टाने सोबत आला. किशोरने त्याला गाडीत ठेवलं, जळगावला उतरवून खुर्चीत बसवलं आणि तो बाहेर सावलीत गाडीपाशी थांबला. तीन वाजून चाळीस मिनिटांनी डॉ. सरोदे यांनी त्यांना छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर बर्फाच्या डब्यात बोटाएवढी नळी होती. तिच्या आतला पांढुरका द्रव दुधाच्या निवळीसारखा दिसत होता. शेजारी ध्वनी नोंदवायचं यंत्र, त्यावर हिरवा दिवा.

"दिवा लागला की नाव सांगा, कोणता हात ते सांगा आणि हालचाल सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "घाई नाही. वीस मिनिटं आहेत."

हेमराजने घसा साफ केला. "डॉक्टर, आमचं ठरलंय. उचलण्याचं लिहा."

"त्यांच्या आवाजात लागतं."

"सांगेल ना ती. सांग गं."

दिवा लागला. कांचनने नळीकडे पाहिलं. तिच्याच गुडघ्याखालून घेतलेल्या पेशी होत्या त्या. अजून त्यांना काहीच माहीत नव्हतं. जिकडून ओढ येईल, तिकडे जाणार होत्या. तिला वाटलं, आपणही इतकी वर्षं असंच केलं. ओढ आली तिकडे गेलो. त्यात प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतं, आणि म्हणूनच कधी थांबून पाहिलं नाही.

भिंतीवरचा काटा तीन मिनिटं पुढे गेला.  डॉक्टर कागद पाहत असल्यासारखं करत होत्या. हेमराजने खुर्चीच्या चाकावरचा हात उचलून तिच्या डाव्या हातावर ठेवला. बोटं घट्ट मिटली. तिला पहिल्यांदाच कळलं, की याला आपलं उत्तर आधीच माहीत आहे. बुधवारपासून माहीत आहे. म्हणून तर हट्टाने आला.

तिने त्याचा हात धरून ठेवला आणि यंत्राकडे न बघता त्याच्याकडे बघितलं.

"अहो, तुम्हाला उचलायला दुसरं काहीतरी आहे. तुम्हाला ते नको आहे, मला माहीत आहे. मी रोज समोर उभी राहीन, तुमचं तोंड भिंतीकडे होऊ देणार नाही, खांद्याला धरून राहीन. पण उचलणार नाही."

"कांचन..."

"मला बोलू द्या. नाहीतर पुन्हा राहील."

 त्याने मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

कांचन यंत्राकडे वळली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी कांचन हेमराज फिरके. उजवा हात. मांड्याचं वळण द्या."